सामान पोहोचले, माणसांचे काय?

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की शहरांतील सोसायट्यांच्या फाटकांपाशी टेम्पो उभे राहू लागतात. कुणाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपलेला असतो, कुणाच्या बदलीचा आदेश आलेला असतो, कुणाला नव्या इमारतीतल्या घराचा ताबा मिळालेला असतो, तर कुणाला जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यायची असते. पावसाळ्याआधी आणि नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या आत घर लागावे, या हिशेबाने एप्रिल-मे हे बिऱ्हाड हलवण्याचे महिने होऊन बसले आहेत. या घाईत कोणत्या खोक्यात काय भरले याची यादी होते. फ्रिज, कपाट, काचेची भांडी, देवघर यांची काळजी घेतली जाते. पण त्याच घरातील माणसांची झोप, त्यांची औषधे, त्यांच्या सवयी आणि त्यांचे शेजार यांची यादी सहसा कुणी करत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. माणसाचे तसे नसते. ते भिंतींत, जिन्यात, गल्लीतल्या दुकानात आणि समोरच्या दारात पसरलेले असते. टेम्पोत त्यातले फार थोडे मावते. म्हणूनच घर बदलणे हा केवळ वाहतुकीचा विषय नाही. तो आरोग्याचा विषय आहे आणि त्याची तयारीही तशीच व्हायला हवी.

ताणाची बेरीज

जोडीदाराचा मृत्यू आणि घटस्फोट यांच्यानंतरचा सर्वांत मोठा ताण घर बदलण्याचा असतो, असे विधान अनेकदा कानावर पडते. त्यासाठी ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो, त्यात मात्र तसे म्हटलेले नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्याआधी त्यांनी ५,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. आजारपणाच्या आधीच्या काळात या माणसांच्या आयुष्यात काय काय घडले होते, हे त्यांना पाहायचे होते. या मोजपट्टीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, घटस्फोटाला ७३ आणि घर बदलण्याला अवघे २०. यादीत त्याचा क्रमांक बत्तिसावा लागतो.

मग घर बदलल्यावर माणसे इतकी का थकतात? उत्तर त्याच यादीत आहे. घर कधी एकटे बदलत नाही. त्याच्याबरोबर राहणीमान बदलते, त्याचे २५ गुण. मुलांची शाळा बदलते, त्याचे २०. उठबस, भेटीगाठी बदलतात, त्याचे १८. झोपेच्या वेळा विस्कटतात, त्याचे १६. खाण्याच्या सवयी बदलतात, त्याचे १५. या सगळ्यांत घराचे २० मिळवले की बेरीज ११४ होते. घर कर्ज काढून घेतलेले असेल तर आणखी ३१, म्हणजे १४५. बदलीमुळे कामाच्या जबाबदाऱ्याही बदलल्या असतील तर आणखी २९, म्हणजे १७४. एका वर्षातली बेरीज १५० च्या पुढे गेली की आजारी पडण्याची शक्यता वाढते, असे या मोजपट्टीचे म्हणणे. ही पट्टी साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली आहे, तिच्यावरून कुणा एका माणसाचे निदान करता येत नाही आणि तसे करूही नये. पण तिने दाखवलेली एक गोष्ट आजही उपयोगाची आहे: बदल एकमेकांवर साचत जातात. त्यामुळे ताण कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जे बदल टाळता किंवा पुढे ढकलता येतील ते त्याच महिन्यात न आणणे. घर बदलायच्या पंधरवड्यातच नवा आहार, नवे वाहन किंवा नवी कामवाली बाई, असे सगळे एकदम सुरू करण्याची गरज नसते.

मेंदूतला नकाशा

जुन्या घरात रात्री दिवा न लावता माणूस स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येतो. मिठाचा डबा न पाहता हाती येतो. यामागे मेंदूचे मोठे काम असते. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी शोधल्या, ज्या प्राणी विशिष्ट जागी आला की सक्रिय होतात. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात जाळीसारखी मांडणी असलेल्या पेशी शोधल्या. मेंदू परिसराचा नकाशा कसा तयार करतो हे त्यातून उलगडले. २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना याच कामासाठी मिळाले. नव्या घरात हा नकाशा नव्याने आखावा लागतो. दिव्याचे बटण कुठे, नळ कोणत्या बाजूला फिरतो, दूधवाला किती वाजता येतो, या प्रत्येक क्षुल्लक गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत विनाकारण थकवा जाणवतो, वस्तू हरवतात, चिडचिड होते. हा विसराळूपणा म्हणजे आजार नसतो. मेंदू जास्तीचे काम करत असतो.

पहिल्या रात्रीची झोप हा असाच एक अनुभव. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनोळखी जागी झोपणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपलेला आढळला आणि बारीकशा आवाजालाही तो अधिक प्रतिसाद देत होता. जणू अर्धा मेंदू पहाऱ्यावर असतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे नव्या घरात पहिल्या रात्री झोप लागली नाही तर त्यात काळजीचे काही नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते हे लक्षात ठेवायला हवे. अशा अर्धवट झोपेनंतर शिडीवर चढून पंखे लावणे किंवा लांबचा प्रवास गाडी चालवत करणे धोक्याचे. नव्या घरात सर्वांत आधी अंथरुणे लागावीत, स्वयंपाकघर नंतर. जुनीच चादर, जुनीच उशी वापरावी. नवा पलंग, नवे पडदे, नवी गादी यांना थोडे दिवस थांबता येते.

आजी-आजोबांचा प्रश्न

घर बदलण्याचा सर्वांत मोठा भार बहुधा ज्येष्ठांवर पडतो आणि घराच्या निर्णयात सर्वांत कमी विचारले जाते तेही त्यांनाच. ‘तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा,’ असे प्रेमाने सांगितले जाते. त्यातून त्यांच्या वाट्याला हातभार न लावता येण्याची हतबलता येते. स्थलांतरानंतर ज्येष्ठांमध्ये दिसणारी अस्वस्थता, निद्रानाश, भूक मंदावणे आणि एकलकोंडेपणा यांची दखल परिचर्याशास्त्राने १९९२ मध्येच स्वतंत्र नाव देऊन घेतली आहे. त्यावरचा उपाय महागडा नाही. घर ठरवण्याआधी त्यांना ते दाखवावे, सामान बांधताना काय ठेवायचे हे त्यांनी ठरवावे, नव्या घरात त्यांची खुर्ची, त्यांचा रेडिओ, त्यांची औषधांची पेटी जुन्या घरात होती तशाच क्रमाने लावावी.

दुसरा प्रश्न पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. नव्या घरातली गुळगुळीत फरशी, न्हाणीघराचा न दिसणारा उंबरठा, वाटेतली न उघडलेली खोकी आणि न सापडणारे दिव्याचे बटण, हे सगळे पहिल्याच रात्री एकत्र येते. म्हणून टीव्ही लावण्याआधी न्हाणीघरात आणि शौचालयाशेजारी हाताला धरायला दांडी लावून घ्यावी. पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट रिकामी ठेवावी आणि तिथे रात्रभर मंद दिवा जळत ठेवावा.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीचे नव्या घरात भांबावणे अपेक्षित असते. ‘मला घरी जायचे आहे’ असे त्या दिवसातून दहा वेळा म्हणू शकतात, संध्याकाळी दाराबाहेर पडू शकतात. त्यांच्या खिशात नाव, नवा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी असावी, पहारेकऱ्याला आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. पण ज्यांची स्मृती कालपर्यंत ठणठणीत होती अशी व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागली, दिवसाही गुंगीत राहू लागली किंवा माणसे ओळखेनाशी झाली, तर त्याचे खापर नव्या घरावर फोडू नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर घसरणे, शरीरातील पाणी कमी होणे, औषधांची गल्लत किंवा पक्षाघात यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. ‘जागा बदललीय, होईल सवय’ या समजुतीत गेलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले तर तासांची नव्हे, मिनिटांची बाब असते.

मुलांच्या वयाचे गणित

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या पत्त्यातील बदलाची सरकारदरबारी नोंद होते. त्यामुळे तिथे या विषयावर मोठे अभ्यास शक्य झाले. १९७१ ते १९९७ या काळात जन्मलेल्यांवरील एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी घर बदलावे लागलेल्यांमध्ये पुढे मानसिक आजार, व्यसनाधीनता, आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि ते १२ ते १४ या वयात घर बदललेल्यांमध्ये सर्वाधिक होते. घरची परिस्थिती चांगली असलेल्या मुलांतही हाच कल आढळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका डॅनिश अभ्यासात दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या. १० ते १५ या वयात एकाहून अधिक वेळा घर बदललेल्यांना मोठेपणी नैराश्याचे निदान होण्याची शक्यता सुमारे ६१ टक्क्यांनी जास्त आढळली.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. आईवडिलांचे बिघडलेले संबंध, गेलेली नोकरी, आजारपण यांमुळेही घर बदलावे लागते आणि मुलांवर परिणाम त्यांचाही होतो. शिवाय बहुसंख्य मुले नव्या जागी रुळतात. पण किशोरवयात मित्र हेच अर्धे घर असते, हे या अभ्यासांतून निघणारे तात्पर्य आपल्याकडेही लागू पडणारे आहे. सातवी-आठवीतल्या मुलाला ‘तिथे नवे मित्र मिळतील’ असे सांगून विषय संपवणे सोपे असते. त्यापेक्षा जुन्या मित्रांकडे जाण्याचा दिवस ठरवून देणे, शक्य असल्यास जुनी क्रिकेटची किंवा तबल्याची शिकवणी काही महिने चालू ठेवणे आणि वर्षाच्या मध्यात शाळा न बदलणे अधिक उपयोगी. मूल सलग दोन-तीन आठवडे जेवत नाही, झोपत नाही, शाळेत जायला नकार देते, आवडीच्या गोष्टींतही रमत नाही असे दिसले तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जायला हवे. शाळेच्या दाखल्याची चिंताही अनेक पालकांना असते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळेत प्रवेश देताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही.

ओझे कुणाच्या खांद्यावर

घर हलवण्याचे श्रम घरात सारखे वाटले जात नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. नेहमीच्या दिवसांत ही तफावत असेल, तर बांधाबांध, साफसफाई, दोन्ही घरांतला स्वयंपाक आणि पाहुण्यांचे चहापाणी असे सगळे एकत्र येणाऱ्या आठवड्यात काय होत असेल, हे सांगायला नको. पुरुषांच्या वाट्याला टेम्पोचा दिवस येतो. तो एक दिवसाचा असतो. खोकी उघडून घर लावण्याचे काम महिनाभर चालते. पहिले दोन दिवस डबा लावणे, कोणत्या खोल्या कोण लावणार हे आधी ठरवणे, घरचे कर्तेपण वाटून घेणे हाही आरोग्याचाच उपाय आहे.

घराबाहेरच्या खांद्यांचाही विचार हवा. मे महिन्याच्या उन्हात लोखंडी कपाट घेऊन चार मजले चढणाऱ्या हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा करणारे महाराष्ट्र हे राज्य. त्याच राज्यातील अनेक सोसायट्यांत सामान नेणाऱ्यांना उद्वाहक वापरू दिला जात नाही. दुपारी बारा ते चार या वेळात अवजड सामान न हलवणे, दर मजल्यावर थांबू देणे, पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचे सरबत समोर ठेवणे यात कुणाचे काही बिघडत नाही. घाम येणे थांबून अंग तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी माणसाला सावलीत आडवे करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. घरच्यांनी सामान उचलताना कमरेतून वाकू नये. गुडघ्यांत वाकून, वजन अंगालगत धरून उठावे आणि वजन हातात असताना कमरेतून वळू नये. पुस्तकांची खोकी लहान असावीत, कारण मोठे खोके भरते पुस्तकांनी आणि रिकामे होते पाठीच्या दुखण्याने.

टेम्पोत न जाणारी पिशवी

प्रत्येक घरात एक पिशवी अशी असावी, जी कधीही टेम्पोत चढणार नाही. तिच्यात घरातील सर्वांची किमान दोन आठवड्यांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अलीकडचे तपासणी अहवाल, आरोग्य विम्याची कागदपत्रे, चष्मे, कानाचे यंत्र, दम्याचा पंप, साखर आणि रक्तदाब मोजण्याची यंत्रे असावीत. फिट येण्यावरच्या औषधाचे डोस चुकले तर फिट येऊ शकते. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवली तर दाब उसळतो. ‘खोक्यात कुठेतरी आहेत’ हे उत्तर अशा वेळी चालत नाही. इन्सुलिन उन्हात तापलेल्या टेम्पोत फ्रिजबरोबर पाठवू नये. वापरात असलेली कुपी घरातल्या थंड, सावलीच्या जागी सुमारे चार आठवडे टिकते, पण उन्हाने ती निकामी होते. बर्फाला थेट चिकटून गोठली तरीही निकामी होते. फ्रिज नव्या घरात आणल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करायचा असतो. तोवर इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता ठेवता येते.

या पिशवीत एक कागदही असावा. त्यावर नव्या घराचा पूर्ण पत्ता, इमारतीचे नाव, मजला, जवळची खूण, चोवीस तास चालणारे जवळचे रुग्णालय आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. नव्या घरात पोहोचताच तो दाराजवळ चिकटवावा. पहिल्या रात्री काही झाले तर घाबरलेल्या माणसाला स्वतःचा नवा पत्ता आठवत नाही.

नव्या घराचीही तब्येत पाहावी लागते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाण्याच्या टाक्या, कमोड, कुंड्यांच्या ताटल्या आणि कूलर यांत डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. राहायला जाण्याच्या आठवडाभर आधी ते सगळे घासून कोरडे करावे. नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू देऊन साचलेले पाणी काढून टाकावे. ताज्या रंगाचा वास म्हणजे हवेत मिसळणारी रसायने. रंग वाळल्यावरही काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दमा असलेल्यांनी, गर्भवतींनी व तान्ह्या बाळांनी तोवर तिथे न राहणे चांगले. जुन्या घराचा रंग खरवडताना विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या थरांत शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. भाड्याच्या घरातील न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि हवा खेळायला जागा नसेल, तर तो वापरूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि त्याने माणूस अंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख पाहावी. विजेच्या पेटीत गळती झाल्यास प्रवाह तोडणारे उपकरण आहे का आणि त्याचे चाचणी-बटण दाबल्यावर वीज जाते का, हेही पहिल्याच दिवशी तपासावे.

कागदोपत्री कामांचा आरोग्याशी संबंध नाही असे वाटते. पण अनिश्चितता हाच ताणाचा मोठा भाग असतो आणि कागद ती कमी करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम कधी परत मिळणार, रंगाचा खर्च कुणाचा, किती महिने आधी सूचना द्यायची, हे त्यात स्पष्ट असेल तर पुढच्या अनेक जागत्या रात्री वाचतात.

चौरस फुटांपलीकडे

घर बदलणे ही प्रत्येक वेळी कुटुंबाची स्वतःची निवड नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून आणि मजल्यावरच्या सामायिक शौचालयांतून ५०० चौरस फुटांच्या स्वतंत्र घरांत जाणे हा आरोग्याच्या दृष्टीनेही मोठा लाभ आहे, त्यात शंका नाही. पण चाळीची गॅलरी ही तिथल्या ज्येष्ठांची बैठकीची खोली होती. दार उघडे असायचे, कुणी सकाळी दिसले नाही तर शेजारी डोकावत. उंच इमारतीतल्या बंद दारांमागे ही न ठरवलेली देखरेख संपते. मुंबई-पुण्यात जुन्या सोसायट्या मोठ्या संख्येने पुनर्विकासाला जात आहेत. करारात क्षेत्रफळ, पर्यायी घराचे भाडे, सामान हलवण्याचा खर्च आणि वाहनतळ यांवर महिनोन्‌महिने वाटाघाटी होतात. बांधकामाच्या काळात पंचाहत्तरीतल्या सभासदांना दोनदा घर बदलावे लागणार आहे, याचा उल्लेख त्यात क्वचितच असतो.

तो असायला हवा. ज्येष्ठ आणि अपंग सभासदांना त्याच भागात, उद्वाहक असलेल्या इमारतीत पर्यायी घर मिळावे, नव्या इमारतीत जुने शेजारी शक्यतो एकाच मजल्यावर राहावेत, प्रत्येक मजल्यावर किंवा तळाशी बसायची मोकळी जागा असावी, न्हाणीघरांत आधाराच्या दांड्या बांधकामातच बसाव्यात, या मागण्या खर्चिक नाहीत. त्या वेळेवर मांडल्या गेल्या पाहिजेत, एवढेच. ज्यांना दरवर्षी घर हलवावे लागते त्या ऊसतोड कामगारांचा प्रश्न तर याहून बिकट. मराठवाड्यातून दर हंगामात साखर कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या या कुटुंबांतील बाळांचे लसीकरण आणि गर्भवतींची तपासणी दोन गावांच्या मध्ये सुटून जाते. पेटाऱ्यात जपलेले लसीकरणाचे कार्ड आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रात त्याची होणारी दखल, ही त्यांच्या बिऱ्हाडातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. घर कोणतेही असो, माणसाची आरोग्यनोंद त्याच्याबरोबर प्रवास करायला हवी.

स्थलांतराला एक उजळ बाजूही आहे. सवयी जागेला चिकटलेल्या असतात. जागा सुटली की त्याही सैल होतात. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ बास व्हरप्लँकेन यांनी ८०० जणांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुकतेच घर बदललेल्यांनी पर्यावरणपूरक सवयी इतरांपेक्षा अधिक सहज स्वीकारल्या. ही संधी साधारण पहिले तीन महिनेच टिकत असल्याचे त्यात दिसले. आपल्याकडे दूध उतू घालून, कलश ठेवून नव्या घरात पाऊल टाकतात. हा आरंभ मनाला स्थिर करतो. त्याच आठवड्यात संध्याकाळी अर्धा तास परिसरात पायी फिरण्याची सवय लावून घेतली, तर दोन कामे होतात: शरीराला चाल मिळते आणि मेंदूतला नवा नकाशा लवकर तयार होतो. वाटेत वाणी, औषधविक्रेता, पहारेकरी आणि समोरच्या दारातली माणसे ओळखीची होतात.

शेवटचे खोके उघडायला एखादे वर्ष लागले तरी बिघडत नाही. पण पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दोन घरांची दारे वाजवून नावे आणि क्रमांक घेतले पाहिजेत. अडचणीच्या रात्री धावून येणारे पहिले माणूस तिथेच राहत असते.